प्रिय टायगर, उपाशीपोटी यावे

टेंपररीची आई कायम झाली. नेमणूकपत्र मिळालं, पाठीला टेकू असलेली खुर्ची मिळाली, आणि मॅडमनी सगळ्यांसमोर टाळ्या वाजवल्या.

असं काहीही झालेलं नाही. वरचा परिच्छेद नजरचुकीने आधी गेला आहे. ज्यांनी वाचला असेल त्यांनी कृपया वाचला नाही असं समजावं, आणि ज्यांना तसं समजता येत नसेल त्यांनी निदान तोंडावर दाखवू नये.

तर, टेंपररी. हे नाव त्याला ताईने ठेवलं. त्याआधी त्याला एक चांगलं नाव होतं, पण एकामागून एक कंपन्यांत तो 'तूर्तास' म्हणून लागला आणि तूर्तासच सुटला, तेव्हा ताई म्हणाली, "याच्या टेबलावरची पाटी खडूनेच लिहीत जा म्हणावं." हळूहळू आईसुद्धा त्याला टेंपररी म्हणू लागली, आणि तेही इतक्या मायेने, की शेजाऱ्यांना ती एखादी पदवीच वाटायची. "तुमचा मुलगा टेंपररी झाला म्हणे, अभिनंदन," असं एका शेजाऱ्याने जिन्यात त्याचा हात हातात घेऊन सांगितलंही होतं.

या वेळी मात्र कायम व्हायचा योग दिसत होता. टायरच्या दुकानावरच्या मजल्यावर एक छोटीशी सॉफ्टवेअर कंपनी होती, तिथे तो लागला होता. तिथल्या मॅडमनी त्याला स्वच्छ सांगितलं, "प्राण्यांच्या डॉक्टरांचं काम तुझं. महिनाअखेर डॉक्टरांनी 'सिस्टीम नीट चालते' म्हणून सही दिली, की तू कायम. नाही दिली, तर..." आणि पुढचं बोलायच्या ऐवजी मॅडमनी पेनाला टोपण लावलं. ते टोपण लागल्याचा 'टक्' आवाज टेंपररीच्या पोटात जाऊन बसला.

काम साधं होतं. प्राण्यांच्या दवाखान्याची वेबसाइट. मालकाने आपल्या प्राण्याचं नाव नोंदवायचं, वेळ घ्यायची, आणि आदल्या दिवशी सिस्टीमने आठवणीचा मेल पाठवायचा. मेल प्राण्याच्या नावे जायचा, कारण माणसं स्वतःचे मेल वाचत नाहीत, पण कुत्र्याला आलेला मेल घरदार जमवून वाचतात, अशी डॉक्टरांची पक्की समजूत होती. 'प्रिय टायगर, उद्या सकाळी तुमचं ऑपरेशन आहे. कृपया उपाशीपोटी यावे.' खाली मालकाचा फोन नंबर, नोंदीपुरता. अगदी तळाला बारीक अक्षरात, तांत्रिक अडचण आल्यास संपर्क, म्हणून मॅडमचा नंबर.

बाहेरच्या माणसाला वाटतं की ॲप्लिकेशन मेल पाठवतं. ॲप्लिकेशन कुठेही जात नाही. ते सर्व्हरवर बसल्या जागी मजकूर तयार करतं, वर पत्ता घालतं आणि सगळं मेल सर्व्हरच्या हातात ठेवतं. मेल सर्व्हर म्हणतो, 'मिळालं.' ॲप्लिकेशन नोंदीत लिहितं, 'पाठवलं.' पुढे तो मेल पोचला, हरवला की जाहिरातींच्या ढिगाऱ्याखाली गुदमरून गेला, याच्याशी त्याला काडीचं सोयरसुतक नसतं. टेंपररीला हे फार आवडायचं. इतक्या शांतपणे हात झटकणारं दुसरं कोणी त्याने पाहिलं नव्हतं.

सिस्टीम सुरू झाली आणि थोड्याच दिवसांत डॉक्टरांचा फोन आला.

"अहो इंजिनिअर, तुमची सिस्टीम फार गोड बोलते हो."

"मजकूर आवडला का, सर?"

"मजकूर कसला? आवाज! माझ्याच कुत्र्याची वेळ कळवली तिने मला, कान तृप्त झाले."

डॉक्टर लोक दिवसभर प्राण्यांत असतात, त्यांची बोलायची पद्धत वेगळी असणार, असं समजून टेंपररीने ते सोडून दिलं.

"पण मला एक कोडं सुटत नाही," डॉक्टर म्हणाले. "गुरुवारी कोणीच का येत नाही?"

"गुरुवारी?"

"एक शेपूट नाही दवाखान्यात. बाकीचे दिवस रांग, गुरुवारी मी आणि कंपाउंडर एकमेकांकडे बघत बसतो. आणि परवा मांजरांच्या वेळेला पोपट आला. पोपट! मांजरं बसलेली, आणि मधे पोपट. मालक म्हणतो, मला हीच वेळ सांगितली, कारण दुपारी पोपट झोपतो."

"दुपारी झोपतो, हे सिस्टीममध्ये कुठेच नाही, सर."

"मग तिला कसं कळलं?"

टेंपररीने नोंदी उघडल्या. गुरुवारच्या सगळ्या मेलपुढे 'पाठवलं' असं हिरव्या अक्षरात लिहिलेलं होतं. पोपटाला दुपारची वेळ गेली होती. सगळं बरोबर होतं, आणि तरीही पोपट मांजरांत बसला होता. त्याने पोपटाच्या मालकाला फोन लावला. मालक शिंपी होता; मागे मशीनची घरघर चालू होती.

"तुम्हाला आमचा मेल मिळाला होता का?"

"नाही बुवा."

"स्पॅममध्ये बघता का जरा?"

"बघितलं. तिथे मला दूरदेशीच्या एका राजकन्येने लग्नाची मागणी घातलीय. तुमचं काही नाही."

"मग तुम्ही दवाखान्यात कसे गेलात?"

"कसे म्हणजे? बाईंनी सांगितलं म्हणून."

"कुठल्या बाई?"

"तुमच्याच. दवाखान्याच्या."

"अहो, आमच्याकडे बाई नाहीत."

मशीन थांबलं. "असं बोलू नये," शिंपी आवाज खाली आणून म्हणाला. "बिचारी मनापासून काम करते."

टेंपररीने एका कागदावर लिहिलं: मेल गेला. मेल पोचला नाही. माणूस पोचला. मग तो कागद उलटा करून बघितला. उलटा केल्यावरही त्यातून काही निघेना.

दवाखान्यातूनच कोणी फोन करत असेल, म्हणून त्याने डॉक्टरांना विचारलं. "आमच्याकडे फक्त कंपाउंडर," डॉक्टर म्हणाले, "आणि तो कुत्र्यांशीसुद्धा बोलत नाही." मग त्याने सर्व्हरवाल्याला विचारलं. सर्व्हरवाला म्हणाला, "माझ्याकडून गेलंय." सर्व्हरवाली जमात हे वाक्य तोंडात घेऊनच जन्माला येते, त्यामुळे त्याचा अर्थ काहीही होऊ शकतो.

शेवटी टेंपररीने स्वतःच प्राणी व्हायचं ठरवलं. 'चाचणी' नावाचं एक कासव त्याने सिस्टीममध्ये नोंदवलं, मालक म्हणून स्वतःचा पत्ता आणि फोन दिला, उद्या सकाळी नखं कापायची वेळ घेतली आणि बटण दाबलं. नोंदीत हिरवं अक्षर उमटलं: पाठवलं. त्याने आपली मेलपेटी उघडली. रिकामी. पुन्हा उघडली. रिकामी. तेवढ्यात फोन वाजला. आई.

"कामात आहेस का?"

"हो."

"मग पटकन सांगते. चाचणीला उद्या सकाळी घेऊन ये. नखं कापायचीत. कासवाला नखं असतात का रे?"

"असतात."

"बरं. काही खाल्लं तरी चालेल. ठेवते."

"बरं," टेंपररी म्हणाला आणि त्याने फोन ठेवला. आईच्या फोनवर बरं म्हणायची सवय त्याला बोलायला लागल्यापासून होती. ते त्याच्या कानातून थेट तोंडात यायचं, मधे डोकं लागायचंच नाही. मेलपेटी अजून रिकामीच होती. त्याने पुन्हा बटण दाबलं. पुन्हा फोन वाजला.

"अरे, परत तेच. चाचणीचंच. तू विसरशील म्हणून दोनदा कळवलंय वाटतं. चांगली माणसं आहेत हो."

या वेळी बरं म्हणता म्हणता तो आ वासूनच राहिला. क्षणभर त्याला खरोखर असं वाटलं, की सर्व्हरला आईचा आवाज फुटला आहे. मग त्याने सेटिंगची फाइल उघडली.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. सिस्टीम बनवत असताना मेल खऱ्या लोकांना जाऊ नयेत म्हणून सगळेच जण सेटिंगमध्ये एक ओळ घालून ठेवतात: पत्ता कुणाचाही असो, मेल या एकाच पत्त्यावर टाका. हा पत्ता बहुधा स्वतःचाच असतो. टेंपररीनेही आधी स्वतःचाच घातला होता, पण खोट्या कुत्र्या-मांजरांच्या मेलखाली मॅडमचे मेल दिसेनात, म्हणून त्याने आईचा घातला. टीव्ही नवा घेतला तेव्हा टीव्हीने ईमेल मागितला होता आणि त्याने आईच्या नावाने एक पत्ता काढून दिला होता. तो पत्ता टीव्हीखेरीज कोणाला ठाऊक नव्हता. त्यात मेल टाकणं म्हणजे पडक्या विहिरीत खडे टाकण्यासारखं होतं.

खऱ्या सर्व्हरवर सगळं नेताना त्याने पासवर्ड बदलले, किल्ल्या बदलल्या, दवाखान्याचं बोधचिन्ह बदललं. तेवढी एक ओळ राहिली. बिचारी कोणाच्या अध्यात ना मध्यात, गप्प बसून होती. नोंदीत मेल ज्याच्या त्याच्या नावे दिसायचा. ही ओळ त्याला अगदी शेवटच्या पावलावर गाठून आईकडे वळवायची.

टेंपररी अर्धी रजा टाकून घरी आला. आई स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी होती, समोर ताईने दिलेला टॅब होता, आणि कानाला फोन.

"टायगरला सकाळपासून काही देऊ नका हं. नाही, बिस्कीटसुद्धा नाही. तो बघतोय तुमच्याकडे? तुम्ही त्याच्याकडे बघू नका."

आईने सारी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली होती. डोक्याला हेडफोन लावून ती गावोगावच्या लोकांना एकमेकांशी जोडून द्यायची, आणि निवृत्त झाल्यापासून जोडायला कोणी न उरल्यामुळे रिमोट आणि टीव्ही जोडत बसायची.

"आई, हे सगळं तू करतेस?"

"मग कोण करणार? टॅब लावला, त्याला टीव्हीचाच पत्ता दिला, तर त्यात हे ढीगभर पडलेले. तुझ्याच कंपनीचं नाव खाली."

"ते तुझ्यासाठी नव्हते!"

"माहितीये. मी काय टायगर आहे? दुसऱ्याचा निरोप आपल्या टेबलावर आला की पुढे द्यायचा. नंबर लिहिलेलाच असतो." तिने टॅब पुसला. "मला वाटलं, तूच मुद्दाम पाठवतोस. 'आई, जरा मदत कर' असं सरळ म्हणायला तुझी जीभ जड होते, म्हणून."

टेंपररीने खुर्ची ओढली. "आणि गुरुवारी?"

"गुरुवारचे निरोप बुधवारी येतात. बुधवारी माझा गुडघ्यांचा व्यायाम असतो. फोन आला की आकडा चुकतो. म्हणून बंद ठेवते."

"पोपटाची वेळ?"

"दुपारी झोपतो रे तो."

"आणि राणी? राणी मांजर? तिचं ऑपरेशन होतं, ती आलीच नाही म्हणाले डॉक्टर."

"तिची मालकीण फोनवर रडायला लागली. म्हटलं, राहू दे, पुढच्या महिन्यात बघू."

"आई, ते डॉक्टरांनी ठरवायचं!"

"डॉक्टर रडत नव्हता."

ताई दारात उभी राहून सफरचंद खात होती. "थांब, मला नीट समजून घेऊ दे," ती म्हणाली. "तू जे बनवलंयस ते चालत नाही. आणि आई चालते."

"तसं नाहीये ते."

"टेंपररी, तुझ्या सिस्टीमला गुडघे आहेत."

डॉक्टरांना हे कळलं तर सही गेली आणि सहीबरोबर नोकरी. ते कळायच्या आत टेंपररीने दुसऱ्या दिवशी कंपनीत जाऊन ती ओळ पुसली, सर्व्हर बंद करून चालू केला आणि चाचणी कासवाला मेल पाठवला. मेल थेट त्याच्या पेटीत आला. फोन वाजला नाही. आयुष्यात प्रथमच त्याने बनवलेली गोष्ट सांगितलेलं काम करत होती. त्याने खाली जाऊन टायरच्या दुकानाबाहेर उभं राहून एक कप चहा घेतला, आणि परत येताना जिना कायम माणसासारखा चढला.

संध्याकाळी आईने विचारलं, "आज काहीच नाही आलं?"

"सुट्टी असेल," तो म्हणाला.

"कुत्र्यांना?"

दवाखान्यात मात्र भयंकर प्रकार घडला. काहीच घडलं नाही. नवीन सर्व्हरची मेलच्या दुनियेत कोणाशी ओळख नसते. त्यामुळे निम्मे मेल राजकन्येच्या शेजारी स्पॅममध्ये जाऊन बसले. उरलेले पोचले, पण ते कोणी उघडले नाहीत. ज्यांनी उघडले त्यांनी 'ओके' असं उत्तर पाठवलं, ते अशा पत्त्यावर, की जिथे उत्तरं वाचायला कोणी नसतं, आणि मग ते घरीच राहिले. दुसरा एक टायगर आला, पण पोटभर नाश्ता करून आला. प्रत्येक मेल नियमाप्रमाणे गेला होता. प्रत्येकासमोर हिरवं अक्षर होतं. आणि बाकड्यांवर कोणी नव्हतं.

"इंजिनिअर!" डॉक्टरांचा फोन आला तो ओरडतच. "काय केलंत तुम्ही? रोजच गुरुवार झालाय इथे! कंपाउंडर माझ्याशी बोलायला लागलाय!"

"सर, खरं सांगायचं तर सिस्टीम आत्ता कुठे नीट चालायला लागलीय."

"मग ती आधीसारखी बिघडवा! नाहीतर सही विसरा."

टेंपररीला काही कळेनासं झालं. बिघडलेलं चालत होतं, तेव्हा त्याला दुरुस्त करायचं होतं. दुरुस्त केलेलं चालत होतं, म्हणून ते बिघडलेलं ठरलं. पुन्हा बिघडवलं तर चालेल, पण ते चालण्याचं कारण सांगितलं तर आपण जाऊ. तो स्क्रीनकडे बघत राहिला आणि स्क्रीन थोड्या वेळाने कंटाळून काळा झाला.

इकडे आई गप्प बसणाऱ्यातली नव्हती. एक्स्चेंजमध्ये लाइन मुकी झाली, की ऑपरेटर विचार करत बसत नाही, तक्रार नोंदवतो. आईने जुना मेल उघडला, अगदी तळाला बारीक अक्षरात लिहिलेला तांत्रिक अडचणीचा नंबर शोधला आणि फिरवला. तो मॅडमनी उचलला.

थोड्याच वेळात टेंपररीला केबिनमध्ये बोलावणं आलं. आत मॅडम होत्या, तातडीने बोलावून घेतलेले डॉक्टर होते, आणि टेबलाच्या मधोमध स्पीकर चालू केलेला फोन होता.

"हीच!" डॉक्टर फोनकडे बोट दाखवून म्हणाले. "हाच आवाज! अहो बाई, कुठे होतात तुम्ही?"

"मी इथेच आहे," फोनमधून आई म्हणाली. "लाइन तुमच्याकडून मुकी आहे. मी किती दिवस बसून आहे. राणीची मालकीण आता तयार झालीय, पण मला वेळ कळल्याशिवाय मी सांगू काय तिला?"

मॅडमनी टेंपररीकडे पाहिलं. "या कोण?"

खोटं बोलायची वेळ होती, पण खोटं बोलायला आधी खरं काय ते नीट कळावं लागतं. "आई," तो म्हणाला.

"कोणाची?"

"माझी. म्हणजे, सिस्टीमची... म्हणजे मेल तिच्याकडे जायचे. चुकून. मी ते दुरुस्त केलं."

पोटातल्या त्या 'टक्'ची तो वाट बघत उभा राहिला. मॅडमनी पेन उचललं खरं, पण टोपण काढलं.

"डॉक्टर, तुमचं काय म्हणणं?"

"आधीसारखं करा, आत्ता सही करतो. पण एक अक्षर बदलायचं नाही. आणि बाईंना सांगा, गुरुवारचे निरोपसुद्धा हवेत."

"ते बुधवारी येतात. बुधवारी जमणार नाही," आई म्हणाली.

"गुरुवारी दवाखाना बंद ठेवतो," डॉक्टर तत्काळ म्हणाले.

मॅडमनी सिस्टीमचे कागद पुढे ओढले. त्यात एक रकाना होता, सिस्टीम कशाकशाची बनली आहे, त्याचा. डेटाबेस, सर्व्हर असं काय काय लिहिलं होतं, आणि 'मेल सेवा' याच्यापुढची जागा टेंपररीने नंतर भरू म्हणून कोरी सोडली होती. मॅडमनी तिथे सुवाच्य अक्षरात लिहिलं: आई. डॉक्टरांनी खाली सही ठोकली.

"मॅडम," टेंपररी घसा खाकरून म्हणाला, "सही झाली. म्हणजे मी..."

"हे बघ, तुझ्या आई आता सिस्टीमचा भाग आहेत. सिस्टीमचा भाग कायम लागतो, त्याला इलाज नाही. तू त्या भागाची देखभाल करशील. देखभाल आपण करारावर देतो. तूर्तास."

"आई, तू तरी सांग ना!"

फोनमध्ये जराशी खरखर झाली. "मॅडम, त्याला घ्यायला माझी काही हरकत नाही," आई म्हणाली. "पोरगा गुणी आहे. पण आधी थोडे दिवस काम बघू."

मग जे झालं ते वर चुकून गेलेल्या परिच्छेदात आहे आणि तो आपण वाचलेला नाही. टेंपररीने ती ओळ स्वतःच्या हाताने परत घातली. नंतर तो आपल्या जागेवर बसला आणि त्याने एक अर्ज लिहायला घेतला. कंपनीच्या नव्या नियमानुसार असे अर्ज सिस्टीममधूनच पाठवावे लागत, आणि सिस्टीममधून गेलेलं सगळं आधी कुठे जातं, हे त्याच्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं. तरी त्याने लिहिला.

प्रति, व्यवस्थापन.

विषय: मेल सेवेत बदल करण्याबाबत.

महोदया, वरील विषयास अनुसरून नम्रपणे कळवितो की, अर्जदाराने तयार केलेली मेल व्यवस्था पूर्णपणे निर्दोष असून ती केवळ उपयोगी पडत नाही, एवढ्या एकाच कारणास्तव बाजूला ठेवण्यात आली आहे. अर्जदाराचे कायम होणे सदर व्यवस्था चालू होण्यावर, सदर व्यवस्था चालू होणे विद्यमान मेल सेवेच्या निवृत्तीवर, आणि विद्यमान मेल सेवेची निवृत्ती तिच्या स्वतःच्या लेखी संमतीवर अवलंबून आहे. सबब, विद्यमान मेल सेवेस सन्मानपूर्वक सेवामुक्त करण्यात यावे, तिच्या जागी अर्जदारास कायम समजण्यात यावे, आणि हा निर्णय तिला समक्ष कळविण्याची जबाबदारी अर्जदार व अर्जदाराची ताई वगळून अन्य कोणत्याही धैर्यवान व्यक्तीवर, बुधवार सोडून, सोपविण्यात यावी, ही नम्र विनंती.